फ्यूजला दिशा नसते

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये महागडा फ्यूज ‘योग्य दिशेने’ बसवला की आवाज मोकळा होतो, हे तुमच्या ऑडिओ फ्यूजवरच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. घरात येणारी वीज ५० हर्ट्झची एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी. प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. मग फ्यूजवरचा बाण कुठल्या बाजूला आहे याने काय होणार? ऐकणाऱ्याला फरक जाणवतो तो कधीकधी खराही असतो, पण श्रेय फ्यूजचं नाही. पंचवटीत मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. पावसाळ्यात येणाऱ्या जुन्या सेटमध्ये फ्यूज होल्डरच्या पट्ट्या बऱ्याचदा काळ्या पडलेल्या असतात. त्या घासून साफ केल्या की मधूनच बंद पडणं थांबतं, तेही जुनाच फ्यूज परत लावून.

लेखात जे यायला हवं होतं ते वेगळंच. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फ्यूज थेट स्पीकरच्या वाटेत असतो. तिथे मोठ्या आवाजात खर्जाच्या सुरांबरोबर फ्यूजची तार तापते, निवते, तिचा रोध बदलतो आणि मोजता येईल इतकं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची विकृती, होतं. मेन्सच्या, म्हणजे घरातली वीज जिथे आत येते तिथल्या, फ्यूजबाबत मात्र काळजी सुरक्षिततेची करा. मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढतो, म्हणून तिथे ‘टी’ खुणेचा, उशिरा उडणारा फ्यूज देतात. त्याजागी ‘एफ’ खुणेचा, लगेच उडणारा लावला तर तो पुन्हापुन्हा उडतो, आणि वैतागून लोक जास्त अँपिअरचा बसवतात. असे जळालेले ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे येतात.