आवाज कुणाचा? पेन ड्राइव्हचा!

रात्री दहा चाळीसला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज. 'स्नेहसंमेलनातील नाटकांची निवड चाचणी उद्या सकाळी ८ वा. विद्यार्थ्यांनी दोन मिनिटांचा उतारा साभिनय पाठ करून यावे.' आणि खाली लगेच अठरा जणांचे जोडलेले हात. 'धन्यवाद मॅडम.' अरे कशाबद्दल? रात्रीची झोप घालवल्याबद्दल?

पोरगी गाढ झोपलेली. उठवली. मग साडेबारापर्यंत डोक्याला माझी काळी ओढणी, हातात केरसुणी, आणि चेटकिणीचं हसू. ते हसू इतकं जमलं की खालच्या काकू बघायला वर आल्या.

सकाळी हॉलमध्ये साठेक मुलं. 'पालकांनी थांबू नये' अशी पाटी होती, मी थांबले. बाईंनी काय करावं? पोरांना उंचीनुसार उभं केलं! पीटीच्या तासाला करतात तसं. नाव सांग, दोन पावलं पुढे ये, मागे जा, पुढचा. झाली निवड चाचणी. पाठ केलेला उतारा राहिला पोटात. बाईंच्या वहीत पात्रांपुढे नावं आधीच लिहिलेली होती, खिडकीतून मला स्वच्छ दिसली. मला चष्मा लागला असला तरी तो जवळचा आहे. राजकन्या म्हणजे पालक-शिक्षक संघातल्या ताईंची कन्या. महाराज कोण? ज्याच्या बाबांचा मंडप-लाइटचा धंदा आहे तो. आणि 'चेटकिणीला थोराड मुलगी हवी' म्हणून आमची बाद. बाई, रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' ह्या बालनाट्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. माणूस बाईसुद्धा नव्हता हो! आणि तुम्हाला उंची हवी?

आमच्या लेकीला काय मिळालं? झाड क्रमांक ३.

नाटकाचा विषय वृक्षतोड. नाटक झाडांवर आणि झाडाला वाक्य नाही! सगळी वाक्यं लाकूडतोड्याला. झाडांनी फक्त हात वर करून पंचवीस मिनिटं उभं राहायचं आणि शेवटी पडायचं. ह्या पडण्याचं ड्रेपरीवाल्याकडे भाडं ४०० रुपये, डिपॉझिट ३००, शुक्रवारपर्यंत रोख, सुटे आणावेत. पानं प्लास्टिकची. बुंधा थर्माकोलचा. २०१८ साली बंदी आली तेव्हा आमच्या घरचे बाप्पा निमूटपणे पुठ्ठ्याच्या मखरात बसले, पण पर्यावरणाच्या नाटकाला थर्माकोल चालतं.

आणि ह्यावर कळस ऐका. संवाद रेकॉर्ड करून लावणार. म्हणजे पोरांनी स्टेजवर नुसती तोंडं हलवायची. मग साभिनय पाठांतर कशाला मागवलंत? गेल्या वर्षी अफजलखान पालथा पडला तरी स्पीकरमधून त्याचं गडगडाटी हसणं चालूच होतं, आणि ट्रॅक मध्येच अडकला तेव्हा महाराज तोंड उघडं ठेवून पाऊण मिनिट उभे. तेव्हा आमची मावळा होती. कुठे? डाव्या स्पीकरच्या मागे. फोटोत तिच्या पगडीचा तुरा आलाय, तो आम्ही आजीला गोल करून दाखवला. आणि फोटोसुद्धा फुकट नाही, ८० रुपयांना एक.

हे कुठे, तर पुण्यात! ज्या गावात १९६३ पासून कॉलेजच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक चालतो, जिथे नेपथ्याला नि प्रकाशाला गुणच नाहीत, जे काय ते लेखन, दिग्दर्शन, अभिनय. भरत नाट्य मंदिर दणाणतं 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून. आमच्या शाळेत उत्तर सोपं आहे. पेन ड्राइव्हचा.

हे सगळं मी संध्याकाळी कणीक तिंबता तिंबता नवऱ्याला ऐकवलं. कणीक फार मऊ झाली. तो म्हणाला, "तू शाळेत काय होतीस गं?" काही गरज होती का? चौथीत दुसरी गवळण होते. एकच वाक्य होतं, 'अगं बाई, कान्हा आला!' पडदा वर गेला, समोर आई दिसली, मी तिला हात केला आणि माठ पाडला. कान्हा आलाच नव्हता अजून. ह्या माणसाला मी हे लग्नाआधी का सांगितलं, देव जाणे.

बरं, जिच्यासाठी मी भांडतेय ती मजेत आहे. झाड क्रमांक २ तिची मैत्रीण. "आई, झाडांना पाठांतर नसतं, आणि तालमीला गणिताचा तास बुडतो." आरशासमोर वाऱ्यात हलायचा सराव चाललाय. मी तीनदा सांगितलं, खांद्यातून नको, कमरेतून हल, ते जास्त झाडासारखं दिसतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की बस.

आत्ता अकरा दहा झालेत. ग्रुपवर नवा मेसेज: 'सर्व झाडांनी उद्या तपकिरी मोजे घालून यावे.' उद्या! तुळशीबाग उघडायच्या आत शाळा भरते. काळे मोजे चहाच्या पाण्यात बुडवले तर काही होत नाही, बघितलं करून. पांढरे बुडवलेत, पंख्याखाली वाळताहेत, रंग जरा आजारी आलाय.

वर जोडलेले हात सतरा झाले होते. अठरावे माझे.