बाकी गाडी मस्त

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा पंप जळला होता आणि टाकीपाशी आम्ही आठ-दहा जण प्लंबरची वाट बघत उभे होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, "छोटी गाडी घ्यायचं चाललंय आमचं." नंतर प्लंबर आला, त्यानं पंप खोलला, मोटर काढून रिक्षात घातली आणि रिवाइंडिंगला नेली, तरी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मॅन्युअल की ऑटोमॅटिक?"

"पेट्रोल कशाला? सीएनजी घ्या."

"सीएनजी घ्या आणि डिकी विसरा. सगळी टाकीच बसते तिथे."

"नवी कशाला? तेवढ्यात सेकंडहँड मोठी येते."

शेवटी तळमजल्यावरचे काका बोलले. काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि पार्किंगमध्ये माझे शेजारी आहेत. "अरे, बजेट सांग आधी." मी आकडा सांगितला. काकांनी रिपोर्ट बघून डॉक्टर सोडतात तसा श्वास सोडला आणि म्हणाले, "छोटीच घे. पुण्यात छोटीच चालते. मी बघ, २००४ पासून मारुती ८०० वापरतोय. दोनदा पासिंग करून घेतलं, पण सोडली नाही." काकांचं हे वाक्य लक्षात ठेवा. मला अजून विसरता आलेलं नाही.

गाडी हवी होती ती आईच्या गुडघ्यांमुळे. रिक्षात चढताना तिला हात धरावा लागतो आणि ॲपवरच्या कॅबवाल्याला 'लोकेशन' समजावताना माझा आवाज चढतो, तो तिला आवडत नाही. शिवाय लेकीची बारावी, क्लास, पाऊस. एवढ्याशा कारणासाठी मी पुढचे दोन महिने भेटेल त्या गाडीमालकाला गाठत होतो.

तेव्हा मला एक शोध लागला. स्वतःच्या गाडीला वाईट म्हणणारा माणूस पुण्यात नाही. सात-आठ लाख मोजल्यावर कोण म्हणेल? ऑफिसातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "एकदम मस्त गाडी. फक्त पहिल्या गिअरला जरा झटका देते. आणि मागच्या काचेचा आवाज येतो, पण म्युझिक लावलं की कळत नाही. क्लच एकदा बदलला. बाकी गाडी मस्त." दुसरा ऑटोमॅटिकवाला होता. "क्लचचा त्रासच नाही. फक्त चढावर थांबलो की किंचित मागे येते. ब्रेकवर पाय ठेवायचा, की झालं. बाकी मस्त." (छोट्या गाड्यांतली बरीचशी ऑटोमॅटिक ही एएमटी असते. म्हणजे आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी यंत्र करतं. ते यंत्र नवशिक्यासारखं मधेच विचारात पडतं. किमतीच्या मानानं मला ते वाईट वाटलं नाही, पण टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर घेऊन परत येऊ नका. एखादा चढ शोधा आणि त्यावर थांबून बघा.) तिसऱ्याच्या गाडीची मागची सीट खोल होती. त्याची सासू एकदा बसली ती तळेगावपर्यंत उतरलीच नाही. त्यानं मात्र हे गाडीच्या आरामाचं लक्षण म्हणून सांगितलं.

तेव्हापासून मी 'मस्त' हा शब्द ऐकणंच सोडलं. कान 'फक्त'वर ठेवायचा. आणि गाडी कशी आहे हे विचारायचंच नाही, शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल किती आलं ते विचारायचं. माणूस आकडा सांगताना आधी डावीकडे-उजवीकडे बघतो. बायको जवळपास असेल तर सांगत नाही.

हिंजवडीतल्या मेव्हण्यानं एक्सेल शीट केली. सत्तावीस कॉलम. त्यात एअरबॅग होत्या, क्रॅश टेस्टचे तारे होते (भारत एनसीएपी ही आपल्याकडची क्रॅश टेस्ट २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली आणि आता शोरूममधली पोरंही ताऱ्यांवर बोलतात, हे चांगलंच झालं), 'टॉर्क' नावाचा एक कॉलम होता. प्रत्येक गुणाला वजन देऊन बेरीज केल्यावर पहिला नंबर आला तो बजेटच्या चार लाख वर असलेल्या गाडीचा. मेव्हणा म्हणाला, "डेटा असं सांगतोय." मेव्हण्याकडे स्वतःची गाडी नाही. कंपनीची बस दारात येते.

मी एकच कॉलम ठेवला: रुंदी.

त्याचं कारण आमचं पार्किंग. माझी जागा डावीकडे एका खांबाला चिकटून आहे, उजवीकडे काकांची ८००, तिच्यापलीकडे भिंत. खांबापासून भिंतीपर्यंत पंधरा फूट. त्यात दोन गाड्या आणि तीन फटी बसवायच्या. मी रविवारी सकाळी टेप घेऊन खाली उतरलो, खडूनं रेघा मारल्या आणि त्या रेघांच्या आत स्टूल ठेवून त्यावर बसून पाहिलं. वॉचमननं काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तो मला जरा हळू आवाजात नमस्कार करतो.

मग तोच टेप घेऊन शोरूममध्ये. ब्रोशरमधल्या रुंदीत आरसे धरलेले नसतात, हे कळलं ते तिथे मोजल्यावर. दोन्ही बाजूचे आरसे उघडून मोजलं, मिटून मोजलं. दार पूर्ण उघडायला किती जागा लागते ते मोजलं. आईला बसवून, उतरवून पाहिलं. सीट कमरेच्या उंचीला आली की तिला हात द्यावा लागत नाही. हा निकष एक्सेलमध्ये नव्हता. शोरूममधला मुलगा आधी "सर, कॉफी?" म्हणाला, मग "सर, पाणी?" आणि शेवटी टेपचं दुसरं टोक धरायला लागला. चांगला होता बिचारा. ग्राउंड क्लिअरन्सही ब्रोशरमध्ये बहुतेक रिकाम्या गाडीचा असतो, हे त्यानंच सांगितलं. त्यात माणसं आणि सामान भरलं की तळ खाली येतो. आमच्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक काकांच्या देखरेखीखाली बांधलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम १० सेंटीमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदीचा, तो काका कुणालाही पाठ म्हणून दाखवतात. आमचा गतिरोधक उंचीला त्याहून बराच जास्त आणि रुंदीला एका पावलात संपणारा. "कंत्राटदारानं ऐकलं नाही," म्हणतात.

गाडी ठरली. ४ मीटरच्या आत लांबी, १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन, म्हणजे कराच्या भाषेतही छोटी. रुंदी १६२० मिलीमीटर. नाव सांगत नाही; सांगितलं तर दुसरी का नाही घेतली ते ऐकावं लागतं.

पैसे भरणार तोच पंधरा ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी उतरणार म्हणून सांगितलं. शोरूममधल्या मुलाचा चेहरा उतरला, माझा खुलला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कौन्सिलनं ठरवलं: छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. आता पंचांग काढा. २१ ला सर्वपित्री अमावास्या आणि २२ ला घटस्थापना. म्हणजे ज्या पंधरवड्यात आमच्या घरात कुणी हातरुमालही विकत घेत नाही, तो संपेपर्यंत सरकार थांबलं होतं. आई म्हणाली, "दिल्लीत कुणीतरी शास्त्र जाणणारं आहे." बायकोला कौतुक करायला सवड नव्हती. तिनं ऑन-रोड किमतीचा कागद पुढ्यात ओढला होता आणि एकेका ओळीवर पेन ठेवून "अहो, हे काय?" विचारत होती. रोड टॅक्सवर पेन थांबला नाही. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के, तिथे बोलण्यासारखं काही नाही. इन्शुरन्सवर थांबला. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण तो त्यांच्याचकडून घ्यावा असं कुठे आहे? तिनं बाहेरून कोटेशन आणलं, तेव्हा शोरूमचंही साडेसहा हजारांनी खाली आलं. 'बेसिक किट'वर तर ती दहा मिनिटं होती. त्यात पायपुसणी, मडफ्लॅप आणि डॅशबोर्डवरचा गणपती होता. गणपती आम्ही तुळशीबागेतून आणला.

ताबा घेण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघा, असं सगळे सांगतात. काय बघायचं ते कुणी सांगत नाही. टायर बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझे होते २३२५, म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. हे वाचायला मी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून वाकलो. मागून यार्डातला माणूस म्हणाला, "साहेब, पूजा दसऱ्याला करा ना, हळदकुंकू तिकडे शोरूमला आहे." मी उरलेल्या तीन चाकांनाही नमस्कार केला. स्टेपनी राहिली ती राहिलीच.

दोन ऑक्टोबरला दसरा. चाकांखाली लिंबं, सारसबागेत गणपतीचं दर्शन, आणि पार्किंगमध्ये पहिला प्रश्न: "ॲव्हरेज किती देते?"

गाडी तोवर एकोणीसच किलोमीटर चालली होती.

पण हा प्रश्न टळत नाही. ब्रोशरमध्ये २४ आणि वर काही दशांश लिहिलंय, त्याखाली बारीक अक्षरात एआरएआय. आता ही एआरएआय म्हणजे काही लांबची गोष्ट नाही. गाड्यांच्या चाचण्या घेणारी १९६६ ची संस्था, आमच्या घरामागच्या वेताळ टेकडीवर. लोक टेकडीच्या त्या बाजूला एआरएआय टेकडीच म्हणतात आणि मी रोज सकाळी तिच्यावरूनच फिरायला जातो. म्हणून जरा माहिती काढली. चाचणीत गाडी रस्त्यावर येतच नाही. खोलीत रोलरवर चाकं ठेवतात, समोरून पंख्याचा वारा, एसी बंद, आणि साधारण वीस मिनिटं ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, फार तर ताशी ९० पर्यंत न्यायचा. सगळ्या गाड्यांना एकच माप लागावं म्हणून हे करतात आणि ते बरोबरही आहे. पण याचा अर्थ असा की गाडी तिथे जागच्या जागी उभी राहून २४ देते. माझी नळस्टॉपला जागच्या जागी उभी असते तेव्हा शून्य देते. मी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलं. घर, क्लास, डेक्कन, घर, आणि आईसाठी एसी चालू: १४.२. सातारा रस्त्याला एकदा बऱ्यापैकी वर गेलं, पण रोज साताऱ्याला कोण जातं?

पेठेत मात्र छोटी गाडी कामाला येईल असं वाटलं होतं. लेकीची पुस्तकं आणायला अप्पा बळवंत चौकात गेलो. तिथल्या गल्ल्यांत सम तारखेला एका बाजूला लावायची, विषम तारखेला दुसऱ्या. पी-१, पी-२ च्या पाट्या असतात. एकतीस आणि एक दोन्ही विषम असल्यामुळे एखादी गाडी सलग दोन दिवस सुखानं झोपते, आणि त्या दिवशी ती होती. पुढे लांबून एक जागा दिसली. अगदी माझ्या मापाची. इंडिकेटर दिला, मागच्यांचे हॉर्न सोसले, जवळ गेलो. आत ॲक्टिव्हा होती. पेठेतल्या प्रत्येक मोकळ्या जागेत एक ॲक्टिव्हा असते, लांबून दिसत नाही एवढंच. तीन फेऱ्यांनंतर मंडईच्या वाहनतळात गाडी लावली आणि चालत परत आलो. पुस्तकं घेऊन पुन्हा चालत मंडई. पुढच्या वेळी बायको स्कूटरवरून गेली आणि पंचवीस मिनिटांत परत आली. तिनं काही म्हटलं नाही. हेल्मेट मात्र जरा आवाज करून ठेवलं.

एवढं सगळं चाललं असतं. घरचं पार्किंग तरी माझ्या मापाचं होतं.

दिवाळीच्या आत काकांच्या मुलानं काकांना एसयूव्ही घेऊन दिली. कर काही छोट्याच गाड्यांचा उतरला नव्हता. मोठ्यांचा सेससकट ५० होता तो ४० झाला होता, आणि ही ओळ मी बातमीत वाचूनही पुढे गेलो होतो. काकांची ८०० रुंदीला १४४० मिलीमीटर होती. नवी १८०० च्या आसपास. म्हणजे चौदा इंच, आणि ते सगळे माझ्या बाजूनं. भिंतीकडे काका जास्तच जागा सोडतात, कारण दार मोठं आहे.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, पुण्यात छोटीच चालते."

"अरे, चालवायला छोटीच," काका म्हणाले. "ही मुलगा आला की बाहेरगावी न्यायला."

मुलगा बेंगळुरूला असतो. गाडी इथे उभी असते.

आता आमची पद्धत अशी. आई, बायको, लेक गेटपाशीच उतरतात. मी आरसे मिटून गाडी आत घालतो. मागच्या डाव्या दारापाशी खांब येतो. त्याला मी जुन्या गादीचा फोम बांधलाय, तरी दारावर एक पांढरी रेघ आहेच. उजवीकडे माझं दार चार बोटं उघडतं. पुढचं डावं दार खांबाच्या पुढे येतं, ते उघडतं. तेव्हा सीट मागे घ्यायची, हँडब्रेकवरून डावा पाय पलीकडे टाकायचा, छत धरायचं आणि अंग सरकवायचं. योगासनांच्या वर्गाचे पैसे वाचतात.

परवा असाच मध्यावर होतो. काच दोन बोटं खाली होती. तिसऱ्या मजल्यावरचा नुकतं लग्न झालेला मुलगा वाकून आत बघत म्हणाला, "काका, आम्हीपण छोटी बघतोय. ही कशी वाटली तुम्हाला?"

"आधी टेप घे," मी म्हणालो. "खाली ये आणि—"

"टेपचं बघू हो. ॲव्हरेज किती देते?"

एक पाय गिअरच्या अलीकडे, एक पलीकडे, डोकं छताला. गेटपाशी बायको पिशवी घेऊन उभी होती आणि ऐकत होती.

"बावीस," मी म्हणालो. "फक्त उतरायला जरा वेळ लागतो. बाकी गाडी मस्त."