बेकन खिशातच होता

एप्रिल आला की टायटॅनिकचा तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड येतोच. कोट्यधीश अमेरिकन ग्रंथसंग्राहक हॅरी वाइडनर एप्रिल 1912 मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवर लाइफबोटीपाशी पोचला होता, पण फ्रान्सिस बेकन या इंग्रज लेखकाच्या निबंधांची 1598 सालची प्रत केबिनमध्ये राहिली म्हणून माघारी फिरला आणि बुडाला. पुढे आईने हार्वर्डला त्याच्या नावाचं ग्रंथालय बांधून दिलं; अट एकच, प्रत्येक विद्यार्थ्याला पोहता आलं पाहिजे. आणि हॅरीने जमवलेलं गुटेनबर्ग बायबल, म्हणजे पंधराव्या शतकात छापलेलं अतिदुर्मिळ बायबल, आजही तिथे बघायला मिळतं.

झकास गोष्ट. पण धागा ओढला की उसवते.

बेकनची प्रत त्याने त्याच फेरीत लंडनच्या क्वारिच या दुर्मिळ पुस्तकांच्या दुकानातून घेतली, एवढं खरं. त्याच्या पुस्तकवेड्या मित्रमंडळींत मात्र आठवण सांगितली जाई ती उलटीच: हे छोटं पुस्तक मी खिशातच ठेवतो, जहाज बुडालं तर माझ्याबरोबर जाईल, असं तो थट्टेने म्हणाला होता. खिशातलं पुस्तक आणायला केबिनमध्ये कशाला जायचं? शिवाय बोटीत त्याला जागा होतीच कुठे! आई आणि तिची मोलकरीण 4 नंबरच्या बोटीतून वाचल्या. त्याच बोटीत गरोदर बायकोसोबत बसू द्या, असं जॉन जेकब ॲस्टरने विचारलं, तर जहाजावरचा अधिकारी लाइटोलर याने साफ नाही म्हटलं; बोटीत फक्त बायकामुलं. जहाजावरच्या सगळ्यांत श्रीमंत माणसाची जिथे डाळ शिजली नाही, तिथे 27 वर्षांच्या हॅरीला कोण विचारतो? त्याचे वडीलही बुडाले. ते कुठलं पुस्तक आणायला गेले होते?

पोहण्याची अट देणगीच्या करारात नाहीच. अटी होत्या त्या इमारतीबद्दल, उदाहरणार्थ आतल्या चौकांत बांधकाम करायचं नाही. हार्वर्डमध्ये पुढे बरीच वर्षं पोहण्याची परीक्षा होती, तिला ही कथा चिकटली. तसंही त्या रात्री पाणी शून्याखाली होतं. पट्टीचे पोहणारेही गारठूनच गेले असते.

राहिलं बायबल. जुन्या पुस्तकाची किंमत करताना जाणकार आधी मालकीची साखळी तपासतात, आणि फॉरवर्डवाला नेमका तिथेच घसरतो. ही प्रत घेतली हॅरीचे आजोबा पीटर यांनी, ज्यांनी खाटकाच्या धंद्यातून सुरुवात करून फिलाडेल्फियात ट्रामवर गडगंज पैसा केला. नातवाला द्यायचं त्यांच्या मनात होतं म्हणतात; नातवाच्या हाती ते कधी पडलंच नाही. हॅरीची स्वतःची सुमारे 3,300 पुस्तकं 1915 मध्ये उघडलेल्या ग्रंथालयात गेली. बायबल हार्वर्डला मिळालं 1944 मध्ये, त्याच्या भावाबहिणीकडून. 'वाइडनर प्रत' म्हणतात ती घराण्याची म्हणून.

आणि या बायबलची खरी थरारक गोष्ट फॉरवर्डमध्ये नसतेच. 1969 च्या ऑगस्टमध्ये एक तरुण रात्री ग्रंथालयात लपला, छतावरून दोराने खिडकीपाशी उतरला आणि दोन्ही खंड पाठीवरच्या पिशवीत कोंबले. तीसेक किलोचं ओझं घेऊन परत वर चढणं काही जमेना. खाली चौकात कोसळला. डोकं फुटलं, पण जगला. बायबलच्या बांधणीला जरासा मार लागला, इतकंच.