भूलभुलैयात डायनासोर १९८२ सालीच शिरला होता

जुन्या व्हिडिओ गेमच्या आठवणी निघाल्या की एक दावा हमखास फिरतो. १९९२ साली ‘वोल्फेन्स्टाइन थ्रीडी’ हा आतून चालत गोळ्या झाडायचा खेळ येईपर्यंत घरच्या कॉम्प्युटरवर भूलभुलैया म्हणजे वरून दिसणारा सपाट नकाशा, ‘पॅक-मॅन’चीच नक्कल. आतून चालायचा भूलभुलैया त्या काळच्या मशीनला झेपलाच नसता. आणि रंग नाही, आवाज नाही, तिथे भीती कसली वाटणार?

यातलं एकही विधान टिकत नाही. ते खोडायला एक खेळ जवळजवळ पुरतो. ब्रिटनमध्ये माल्कम इव्हान्स यांनी सिंक्लेअर झेडएक्स८१ या कॉम्प्युटरसाठी ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ लिहिला आणि जे. के. ग्रे सॉफ्टवेअरने तो १९८२ साली कॅसेटवर बाजारात आणला. वोल्फेन्स्टाइनच्या तब्बल १० वर्षं आधी.

‘मशीनला झेपलं नसतं’ हा मुद्दा वरवर सर्वांत पटणारा आहे, म्हणून तो आधी घेतो. झेडएक्स८१ दुबळं होतं यात वाद नाही. मार्च १९८१ मध्ये ते आलं तेव्हा तयार मशीन ६९.९५ पौंडांना मिळत होतं आणि सुटे भाग घेऊन घरी जोडलं तर ४९.९५ ला. मेमरी १ केबी, त्यातले ७९३ बाइट तर पूर्ण भरलेली स्क्रीनच खाऊन टाकायची. टीव्हीवर चित्र उमटवायचं कामही झेड८० प्रोसेसरच्याच गळ्यात होतं. चित्र सतत दिसत ठेवायचं तर त्याच्या वेळेचा जेमतेम चौथा हिस्सा प्रोग्रामच्या वाट्याला यायचा. हा खेळ १ केबीत बसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी मशीनच्या मागे मेमरी वाढवणारा १६ केबीचा रॅम पॅक खोचावा लागे. हा पॅक जरा हलला की मशीन बंद पडायचं आणि कॅसेटवरून इतका वेळ घालवून चढवलेला खेळ पुसला जायचा.

एवढ्या अडचणीत हा खेळ चालला, कारण त्याची मांडणीच हिशेबी आहे. खेळाडू एका वेळी एक घर पुढे सरकतो आणि वळतो तेही काटकोनातच. त्यामुळे तिरकस कोनातून भिंत कशी दिसेल याचं गणित करण्याची वेळच येत नाही. समोर भिंत आहे का, डावीकडे वाट फुटते का, उजवीकडे फुटते का, एवढंच एकेका अंतरावर पाहायचं आणि त्या त्या अंतराचे ठरलेले ठोकळे स्क्रीनवर मांडायचे. ठोकळेसुद्धा मशीनच्या अक्षरसंचातलेच. एका अक्षराच्या जागेचे चार भाग करून काळे-पांढरे भरलेले, शिवाय जाळीसारखे दिसणारे काही करडे. वेग हवा तिथे मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरची थेट भाषा, बाकीचं काम बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत. भूलभुलैयाही दर वेळी नवा तयार होतो, त्यामुळे वाटा पाठ करून भागत नाही.

भीतीबद्दलचं विधान तर मला सर्वांत चुकीचं वाटतं. झेडएक्स८१ला खरोखरच आवाज नव्हता. इव्हान्स यांनी ते काम स्क्रीनवरच्या एका ओळीवर सोपवलं. खेळ सुरू होताना ती सांगते की रेक्स, म्हणजे भूलभुलैयातला टी-रेक्स डायनासोर, दबा धरून बसला आहे. मग, तो तुमच्या मागावर निघाला आहे. मग, पावलं जवळ येत आहेत. मग, रेक्सने तुम्हाला पाहिलं आहे. आणि शेवटी, पळा, तो तुमच्या मागेच आहे! या सगळ्या वेळात तुम्हाला दिसत असते ती फक्त समोरची वाट. तो नेमका कुठे आहे हे कळत नाही, जवळ आला आहे एवढंच कळतं. कोपरा वळलात आणि लांबच लांब वाटेच्या टोकाला तो दिसला, तर आधी इवलासा असतो. एकेक पाय टाकत तो मोठा होत जातो आणि बघता बघता त्याच्या जबड्याने स्क्रीन भरते. रंग आणि आवाज असते तर ही धडकी आणखी वाढली असती असं मला वाटत नाही. पावलांचा आवाज ऐकू येत नाही, तो वाचावा लागतो, आणि वाचता वाचता तो आपण मनात वाजवतो.

पॅक-मॅनची नक्कल? नामकोच्या १९८० सालच्या त्या खेळात सगळा नकाशा आणि चारही भुतं सतत डोळ्यांसमोर असतात. इथे नेमकं तेच काढून घेतलं आहे. शिवाय आतून दिसणारा भूलभुलैया पॅक-मॅनपेक्षा जुना आहे. ‘मेझ वॉर’ हा खेळ १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात इम्लॅक कॉम्प्युटरवर तयार झाला.

मात्र याच दाव्याला उत्तर देताना काही जण उलट टोकाला जातात आणि घरच्या कॉम्प्युटरवरचा असा पहिला खेळ म्हणजे ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’च, असं ठोकून देतात. तेही बरोबर नाही. अमेरिकेत सायलस वॉर्नर यांचा ‘एस्केप’ १९७८ मध्येच ॲपल टू वर आला होता आणि त्यात भूलभुलैया आतूनच दिसतो. आणि हेच वॉर्नर १९८१ सालच्या ‘कॅसल वोल्फेन्स्टाइन’चे कर्ते! ज्या खेळाला सगळ्याची सुरुवात मानलं जातं, त्याचं नावसुद्धा त्यांच्याच खेळावरून घेतलेलं आहे.

वोल्फेन्स्टाइन थ्रीडीचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. भिंतींवर चित्रं, २५६ रंग, कुठल्याही कोनात सरसर वळता येणं, आणि तेही २८६ प्रोसेसरच्या साध्या पीसीवर, ही मोठीच मजल होती. पण तो खेळ काढणाऱ्या खुद्द इड सॉफ्टवेअरनेही १९९१ मध्ये ‘होव्हरटँक थ्रीडी’ आणि ‘कॅटाकोम थ्रीडी’ हे आतून दिसणारे दोन खेळ काढले होते. त्यामुळे ‘१९९२ च्या आधी काहीच नव्हतं’ हे त्यांच्या स्वतःच्या कामालाही लागू पडत नाही.