सोवळ्यातला फोन

सात वर्षे इमानेइतबारे राबलेला अँड्रॉइड फोन निवृत्त करून मी आयफोन घेतला, तेव्हा दुकानातला मुलगा ‘सगळं आपोआप येतं, काका’ असे म्हणाला होता. त्या ‘आपोआप’वर विसंबून मी घरी पोचताच नव्या फोनची भाषा, वॉलपेपर, रिंगटोन असे सगळे साग्रसंगीत लावून टाकले. चार दिवसांनी भाच्याने सांगितले की, जुन्या फोनमधला संसार ओढून आणणारे ‘मूव्ह टू आयओएस’ हे अ‍ॅप नव्या फोनच्या पहिल्या मांडणीच्या वेळीच वापरायचे असते, आणि आता ते वापरायचे तर नवा फोन पुसून पुन्हा कोरा करावा लागेल. मुंज राहून गेल्याचे लग्नाच्या पंगतीत आठवावे, तसे झाले.

माझा जीव अडकला होता व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. मी रोज रात्री नेमाने बॅकअप घेतो. परंतु अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो आणि आयफोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप आयक्लाउडखेरीज दुसऱ्या विहिरीचे पाणी पीत नाही, हे मला ठाऊक नव्हते. अँड्रॉइडच्या घरातून आयफोनच्या घरात गप्पा अधिकृतपणे नेण्याची सोय २०२२ साली सुरू झाली, म्हणजे माझे नशीब तसे बरेच म्हणायचे.

अखेर रविवारी सकाळी दोन्ही फोन चार्जरला लावून, एकाच वायफायवर आणून, शेजारी शेजारी पाटावर मांडले. एकाच्या पडद्यावरचा आकडा दुसऱ्यात भरला आणि पट्टी सरकू लागली. ती पूर्ण होईपर्यंत जुन्या फोनवर दुसरे काहीही उघडायचे नाही, आणि त्याने ‘झाले’ म्हटले तरी नव्याची पट्टी संपेपर्यंत हात लावायचा नाही, असा दंडक होता. मी तो घरात सर्वांना समजावून सांगितला. आई म्हणाली, “सोवळ्यात आहे म्हण की!” एवढ्या नेमक्या शब्दांत ते कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नाही.

पट्टी शेवटच्या बोटभर अंतरावर आली असताना आत्याचा फोन वाजला. अळूवड्यांना चिंच किती घालायची, याचा निर्णय लागेपर्यंत सोवळे पार मोडले होते आणि पट्टी जागच्या जागी थिजली होती.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून जुन्या फोनमधले सिमकार्डच काढून ठेवले. तीन तासांनी गप्पा, फोटो, दूधवाल्यापासून तीन निरनिराळ्या ‘प्लंबर नवीन’पर्यंतचे नंबर सुखरूप पोचले. सिमकार्ड नव्या फोनमध्ये घातल्यावर पैशांच्या अ‍ॅप्सना नव्याने ओळख पटवून देण्यात संध्याकाळ गेली. मात्र फार जुनी नावे सिमकार्डातच साठवलेली होती आणि ती सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी आत घ्यावी लागतात, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते.

रात्री एका बिननावाच्या नंबरावरून फोन आला. दिवसभराच्या शिणाने मी उचलताच, समोरच्याला बोलू न देता, “मला कर्ज नको आहे,” असे ठणकावले.

“नको ना?” आत्या म्हणाली. “मग स्कूटरसाठी नेलेलं तेवढं आधी परत कर.”