गाडीतली लोखंडी पेटी

महिन्यातून दोनदा, शनिवारी सकाळी, मी सॅन होजेच्या बाहेर डोंगरातल्या एका रेंजवर नेमबाजीला जाते. कॉलेजात असताना एनसीसीत टू-टू, म्हणजे .२२ बोअरची, रायफल हातात आली तेव्हापासूनची ही आवड. इथे आल्यावर सात-आठ वर्षांनी सवड मिळाली तेव्हा ती पुन्हा धरली आणि २०१४ मध्ये त्याच बोअरचं एक पिस्तूल विकत घेतलं. त्याआधी लेखी परीक्षा दिली, दुकानदारासमोर ते रिकामं करून दाखवलं आणि पैसे भरल्यावर कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे दहा दिवस थांबले. रेंजवरून परतताना वाटेत देशी किराणा दुकान लागतं. कढीपत्ता, कोथिंबीर, कधी सणावाराला खवा. पाच-दहा मिनिटांचं काम.

ती पाच-दहा मिनिटं पिस्तूल कुठे असतं, एवढ्याच प्रश्नावर मला लिहायचं आहे.

सुरुवातीची दोन वर्षं ते कुलूपबंद प्लास्टिकच्या डब्यात, डबा खांद्यावरच्या पिशवीत आणि पिशवी मागच्या सीटवर, अशी माझी पद्धत होती. पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या, डब्याला कुलूप. गाडीतून नेण्यासाठी कायद्याने जे सांगितलं होतं ते सगळं मी करत होते, त्यामुळे मन निर्धास्त होतं. मग २०१६ च्या मार्चमध्ये एका रविवारी आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला गेलो. सासू-सासरे नाशिकहून आले होते, त्यांना समुद्र दाखवायचा होता. तासाभराने परत आलो तर मागची काच फुटलेली आणि पिशव्या गेलेल्या. सासूबाईंची औषधं गेली, नवऱ्याचा लॅपटॉप गेला. पोलिसांत तक्रार लिहून परतताना सगळे हळहळत होते आणि मी एकटी गप्प होते. आदल्या शनिवारी त्याच सीटवर, तशाच पिशवीत माझं पिस्तूल होतं. डब्याला कुलूप होतं हे खरं, पण चोर कुलूप उघडत बसत नाही, पिशवी उचलून चालू लागतो. कुलूप त्याने घरी जाऊन निवांत तोडलं असतं.

त्या शहरात हे नवलाचं नव्हतं. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत गाड्या फोडून चोरी केल्याच्या एकतीस हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. अलीकडे हे प्रमाण बरंच उतरलं आहे, पण त्या काळात रस्त्याच्या कडेला फुटलेल्या काचेचा चुरा जागोजागी दिसायचा.

त्याच शहरात १ जुलै २०१५ रोजी, पिअर चौदा या समुद्रधक्क्यावर, वडिलांबरोबर फिरायला आलेली एक बत्तीस वर्षांची तरुणी गोळी लागून मेली. गोळी ज्या पिस्तुलातून सुटली ते चारच दिवसांपूर्वी चोरीला गेलं होतं. चोरी झाली होती केंद्र सरकारच्या एका खात्यातल्या रेंजरच्या गाडीतून. तो कुटुंबासह शहरात आला होता, गाडी रस्त्यावर लावली होती आणि सरकारी पिस्तूल गाडीतल्या पाठपिशवीत होतं. पुढे देशभर वाद पेटला तो आरोपी बेकायदा स्थलांतरित होता यावर. ट्रम्प यांच्या पहिल्या प्रचारात हे प्रकरण वारंवार आलं. २०१७ मध्ये ज्यूरीने आरोपीला खुनातून निर्दोष सोडलं तेव्हा वाद पुन्हा उसळला. आम्हा स्थलांतरितांच्या घरांतही तोच विषय होता, कारण त्याची झळ आम्हालाही लागत होती. पण त्या पाठपिशवीबद्दल बोलणारे फार थोडे होते.

त्या थोड्यांमुळे एक कायदा झाला. १ जानेवारी २०१७ पासून कॅलिफोर्नियात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवून जायचं असेल तर ते कुलूपबंद डिकीत ठेवावं लागतं, किंवा कुलूपबंद पेटीत घालून ती पेटी बाहेरून दिसणार नाही अशी ठेवावी लागते. मोडलात तर हजार डॉलरपर्यंत दंड. पोलिसांनाही तो लागू आहे. मी तो कायदा मुळातून वाचला आणि तो लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर वाटला, कारण पळवाटा कुठे निघतील हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. डॅशबोर्डमधला कप्पा कुलूप लावला तरी पेटी धरला जात नाही. डिकी म्हणजे सीटवरून हात पोहोचणार नाही असा पूर्ण बंदिस्त भाग, त्यामुळे आमच्यासारखी सातजणांची व्हॅन असलेल्यांची मागची जागा डिकी ठरत नाही, तिथे पेटी हवीच. ‘बाहेरून दिसणं’ म्हणजे काय तेही सांगितलंय: काचेला डोळा लावून, काच काळी असली तरी, दिवा टाकून वा न टाकता, जे दिसू शकतं ते सगळं. आणि गाडी ‘सोडलेली’ केव्हा? तुम्ही इतके दूर असाल की कुणी हात घातला तर त्याला अडवता येणार नाही, तेव्हा. म्हणजे कढीपत्ता घ्यायला आत गेलात की गाडी सोडलेलीच.

तरी माझ्या मते एक गोष्ट राहून गेली. पेटी गाडीला जखडलेली असलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. जखडलेली पेटी हा त्यातला एक पर्याय आहे, सक्ती नाही. माझ्या अनुभवाने मी ती सक्तीच मानते. आता माझ्या व्हॅनमध्ये पोलादी पेटी आहे. तिच्या कडीतून जाड तारेचा दोर काढून तो सीटच्या खालच्या लोखंडी पट्टीला वेढला आहे, वर जुनी सतरंजी. आणि पेटीत पिस्तूल ठेवायचं ते रेंजवरून निघतानाच. दुकानाच्या पार्किंगमध्ये पिशवी उघडून, चार लोकांसमोर पेटीत काही सरकवून निघून जाणं म्हणजे चोराला पत्ता देणं. हे मला रेंजवरच्या एका वयस्क शिक्षकाने सांगितलं. रात्री पेटी रिकामी असते, पिस्तूल घरातल्या तिजोरीत. मोटार ही तिजोरी नव्हे, हे त्याचंच वाक्य.

कॅलिफोर्नियात चोरी झाली तर पाच दिवसांत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सॅन होजेने त्यापुढे जाऊन २०२३ पासून बंदूकमालकांना अपघाती इजेसाठीचा विमा घ्यायला लावला. पण हे सगळं इथलं. माझी एक जुनी मैत्रीण ह्यूस्टनला असते, मूळची सांगलीची. तिच्या राज्यात असा कायदाच नाही. उलट तिथे २०११ पासून कर्मचाऱ्याने कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवून ती कंपनीच्या पार्किंगमध्ये लावली तर बहुतेक कंपन्यांना मनाई करता येत नाही. तिचं म्हणणं, कामाच्या ठिकाणी आत बंदूक नेता येत नाही, मग ती रस्त्यात टाकायची का? हा मुद्दा खोटा नाही. अमेरिकेत जितकी जास्त ठिकाणं ‘बंदूक आणू नका’ म्हणतात, तितक्या जास्त बंदुका बाहेर गाडीत राहतात. केंद्र सरकारच्या टपाल कार्यालयांचा नियम तर पार्किंगलाही लागू केलेला आहे. २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका खटल्यात अपील न्यायालयाने तो उचलून धरला. तिथे साधं पार्सल टाकायला जाणाऱ्यालाही आधी विचार करावा लागतो. पण यावर उत्तर म्हणून गाडीत पेटीही नको, हे मला पटत नाही. हक्क आहे म्हणणाऱ्याने त्या हक्काचं ओझं दुसऱ्याच्या मुलांवर टाकू नये. बंदुकांच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या एव्हरीटाउन या संस्थेने एफबीआयच्या आकडेवारीवरून दाखवलंय की दहा वर्षांत गाड्यांतून बंदुका चोरीला जाण्याचं प्रमाण तिपटीने वाढलं, आणि आज चोरीच्या बंदुकांचा सर्वांत मोठा स्रोत गाड्याच आहेत. त्यातल्या अनेक गाड्या तर मालकाच्या स्वतःच्या दारात उभ्या असतात.

आता घरचं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा सुरू झाली. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ. पुढे प्रशासनाने फेरतपासणी करून बरेच परवाने रद्द केले. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्यावर दोन दिवस भांडण चाललं. एक मावसभाऊ म्हणाला, तुमच्याकडे दुकानात बंदुका मिळतात, आमच्याकडे निदान परवाना तरी लागतो. दुसरा म्हणाला, परवाना पैसेवाल्याला मिळतो. दोघांचंही काही अंशी बरोबर आहे. परवान्याची चाळणी बारीक असणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात हेही मला योग्य वाटतं. पण आपल्याकडची सगळी चर्चा कागद कुणाला मिळाला इथे सुरू होते आणि तिथेच संपते. कागद मिळाल्यानंतरची बंदूक दिवसाचे चोवीस तास कुठे असते, हे कुणी विचारत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. पहाटे ते कपाटात ठेवताना हातातून सुटलं. लोकांनी त्यावर विनोद केले. मला एकही ऐकवला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्हवर गोळ्या घालून हत्या झाली. मारणाऱ्याकडे परवाना नव्हता. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं होतं, आणि ते कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलं जात होतं असं बातम्यांत आलं. कागद एकाच्या नावावर आणि पिस्तूल दुसऱ्याच्या हाताशी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या पाठपिशवीत आणि या लॉकरमध्ये मला फरक दिसत नाही. तिथे अनोळखी हात पोहोचला, इथे ओळखीचा.

गाडीचं म्हणाल तर महाराष्ट्रात लोक एक ठरलेलं उत्तर देतात: गाडीत ड्रायव्हर असतो. लग्नाच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या पांढऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. साहेब आत जेवायला, गाडीत ड्रायव्हर. गाडी सोडलेली नाही, खरं आहे. पण पुढच्या कप्प्यात शस्त्र असेल तर ते आता ज्याच्या स्वाधीन आहे त्याचं नाव परवान्यावर आहे का? नसेल तर त्या गरीब माणसावर केवढी जोखीम टाकली आपण! काही झालं तर पहिला पकडला जाणार तोच.

माझं माहेर सावंतवाडीजवळचं. आमच्या घरी आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षण परवान्याची एकनळी होती, काडतुसाची. डुकरं आणि माकडं यांच्यापासून भात आणि नारळ राखायला. आज ती माझ्या थोरल्या भावाच्या नावावर आहे. माजघरात उंच खुंटीवर असायची, काडतुसं आजीच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची चावी आजीच्या कमरेला. कायदा कुणी वाचलेला नव्हता, पण बंदूक आणि गोळी एका जागी नको हे आजीला कळत होतं. ती बंदूक घर आणि शेत सोडून बाहेर जायची ती एकाच कारणाने. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करायला. आणि निवडणुका नेमक्या डुकरं शेतात उतरायच्या दिवसांत आल्या की गावभर कुरकूर व्हायची. ती आजही होते. शेतकऱ्यांची ही तक्रार मला रास्त वाटते, सरसकट सगळ्यांच्या बंदुका काढून घेण्यापेक्षा कुणाची जमा करायची हे पाहून ठरवावं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि दादाला बंदूक जमा करायची होती. मी नेमका तेव्हाच फोन केला. मागे कपबशांचा आवाज येत होता.

“खंय आसस?” मी विचारलं.

“नाक्यार. चाय पितंय. मगे पोलीस स्टेशनात जातलंय, बंदूक जमा करूक.”

“बंदूक खंय आसा?”

“गाडयेत आसा. मागच्या सीटीर, गोणपाटात गुंडाळलेली. लॉक केलंय गो. हयसर कोण नेतलो?”

मी त्याला पिअर चौदाची गोष्ट सांगितली नाही, कायदाही सांगितला नाही. एवढंच म्हटलं, “दादा, चाय तशीच ठेव. तू आदी गाडयेकडे जा.”

तो काही बोलला नाही. बाकडं सरकल्याचा आवाज आला, मग खडीवर चपलांचा, आणि थोड्या वेळाने गाडीचं दार उघडून बंद झालेलं ऐकू आलं.

“बसलंय,” तो म्हणाला. “आता बोल.”