साइन-ऑफ झालं, म्हणजे नोकरी संपवून जहाजावरून उतरलात, की संपलं? कोणी सांगितलं?

बोटीवर जाणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'परदेशी झेंड्याच्या जहाजावर आजारी पडलात तर साइन-ऑफनंतर कंपनीचा संबंध संपला. भरपाई फक्त अपघाताला. सेटलमेंटवर सही केली की विषय बंद.' बॅलार्ड पिअरच्या चहाच्या टपरीवरही हेच ऐकू येतं.

पहिलं तर साफ खोटं. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, २००६ म्हणजे एमएलसी. भारत त्यात २०१५ मध्ये आला; ज्यांचे झेंडे जहाजांवर लागतात ते पनामा, लायबेरियासारखे देश आधीपासून आहेत. नोकरीच्या काळात जडलेल्या आजाराचा उपचार आणि पगार (पूर्ण किंवा काही भाग) जहाजमालकाकडे. झेंड्याच्या देशाने त्याला मुदत घातली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी नसते. आजार मुद्दाम लपवून चढलात, तर मात्र गोष्ट वेगळी.

दुसऱ्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटतं. कायमच्या अपंगत्वाची भरपाई आजारालाही आहे, पण तो कामामुळे झाल्याचं दाखवावं लागतं. खरी भांडणं इथेच होतात. माझा मावसभाऊ इंजिनरूममध्ये फिटर. कंबर धरली की चीफ ऑफिसरकडून दोन गोळ्या घ्यायच्या आणि परत खाली. नोंद कुठेच नाही. अंधेरीतला भरती एजंट शांतपणे म्हणाला, "तू तर एकदाही कंप्लेंट केली नाहीस." बायकोला पाठवलेले 'कंबर गेली' हे मेसेज तेवढे हाताशी होते.

अपंगत्वाच्या टक्केवारीवरून वाद झाला, तर आयटीएफच्या (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) धर्तीच्या युनियन करारांत कंपनी आणि युनियन मिळून तिसरा डॉक्टर नेमतात. त्याचा निर्णय अंतिम. ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं की पूर्ण रक्कम. त्यामुळे ४५ आणि ५० मधल्या पाच टक्क्यांसाठी किती जोर लागत असेल, बघा.

सहीने काम अवघड होतं, खरंय. पण नोकरीच्या करारातल्या रकमेपेक्षा कमी घ्या म्हणून दबाव आणायला एमएलसीतच मनाई आहे. वाचल्याशिवाय सही करू नका, कागदाची कॉपी मागा.

२०१७ पासून या भरपाईचा विमा देणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असं लावावं लागतं, आणि दावा थेट त्याच्याकडे करता येतो. भावाने ते कधी वाचलं नव्हतं. शेवटी मेसमधल्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत, केकच्या मागे भिंतीवर सापडलं. झूम केल्यावर पत्ता वाचता आला.